यंदा साधं टाक

"यंदा साधं टाक," आप्पा फोनवर म्हणाले.

मी दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये उभी होते. आमची पांढरी गाडी खड्ड्यावर घेतलेली, खालचा नट काढलेला, आणि वर्षभराचं काळं ऑइल घमेल्यात पडत होतं. मी सिंथेटिकचा डबा हातात घेऊन नेहमीप्रमाणे त्याचं सील बघत होते.

"काय साधं?"

"ऑइल गं. मिनरल. सिंथेटिक नको यंदा."

"आप्पा, बरं आहे ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? सांगतोय तेवढं कर की." आणि त्यांनी फोन ठेवला.

तुम्हाला वाटेल, यात तब्येत विचारण्यासारखं काय आहे. पण जयसिंगपुरात माझ्या वडिलांना ओळखणाऱ्या कुणालाही हे सांगितलं असतं, तर त्याने सरळ डॉक्टरला फोन लावला असता. आप्पांची उभी हयात साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली होती. ऑइल, ग्रीस, पट्टे, बेअरिंग. रिटायर झाले तरी कुठला डबा दिसला की चष्मा कपाळावर सरकवून त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचायची सवय काही सुटली नाही. पाहुण्याने चुकून गाडीचा विषय काढला, की तो मेलाच. "साधं तेल म्हणजे जमिनीतून काढून गाळलेलं. त्यात कण लहानमोठे. सिंथेटिक म्हणजे घडवलेलं, सगळे कण एका मापाचे. थंडीत घट्ट होत नाही, उन्हात जळत नाही." पाहुणे गरम चहा फुंकर न मारता संपवायचे आणि चपला शोधायला लागायचे.

हे वेड सुरू झालं होतं ते माझ्यामुळे.

लग्न मोडून मी बार्शीहून परत आले, त्या वर्षीची गोष्ट. लग्न का मोडलं ती कथा वेगळी आहे आणि फारशी मनोरंजक नाही. आई आधीच गेलेली. धाकटा भाऊ अभिनंदन पुण्यात नोकरीला. घरात आप्पा आणि मी. पार्लरचा कोर्स पूर्वी केला होता, तो कामी आला, आणि मी गावोगावच्या नवऱ्या सजवायला जाऊ लागले. स्वतःचा संसार उसवून आलेली बाई लोकांच्या लेकींना मुंडावळ्या बांधते, यावर आमच्या गल्लीची बरेच दिवस फुकट करमणूक झाली. पण माझा हात चांगला होता आणि बोलावणी येत होती. मुहूर्त सकाळचा असला की नवरीला पहाटेच आरशासमोर बसवावं लागतं, आणि आडबाजूच्या गावांना पहाटे एसटी नसते. घरात गाडी होती म्हणून माझा धंदा होता. गाडी नसती तर मी गल्लीतल्या पोरींच्या भुवया कोरत बसले असते.

त्या वर्षी याच गॅरेजमध्ये मिस्त्रींनी आप्पांना विचारलं होतं, "आप्पा, ही रोजच्या वापरातली साधी गाडी. साधं ऑइल घाला, वेळेवर बदला, इंजिनला काय होत नाही. सिंथेटिकला दुप्पट पैसं कशाला मोडायचं?"

"आणि घातलं तर?"

"घातलं तर चांगलंच की. पहाटेचं गार इंजिन चालू करताना झीज कमी होती. पण ते कुणी घालावं? ज्याला गाडी लई वर्षं ठेवायचीय त्यानं."

"मग घाल," आप्पा म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "ही गाडी आता उज्जूची. ती म्हातारी होईस्तोवर चालली पाहिजे."

मिस्त्री हसले. मला हसता आलं नाही. सासरहून आल्यापासून 'हे तुझं' असं मला कुणी कशाबद्दलच म्हणालं नव्हतं. माझ्या खोलीलासुद्धा सगळे अभीची खोलीच म्हणायचे.

कागदावर गाडी आप्पांच्याच नावावर राहिली. "कागद काय, कधीबी बदलता येतोय," ते म्हणाले, आणि मला ते पटलं. दर वर्षी खंडेनवमीच्या तोंडावर आम्ही दोघं गाडी घेऊन मिस्त्रींकडे जायचो. पूजेला गाडी बसायची ती नवं ऑइल घेऊनच, हा आप्पांचा नेम. डब्याचं सील ते स्वतः फोडायचे आणि मिस्त्रींना प्रत्येक वर्षी बजावायचे, "उज्जूची गाडी आहे, नीट ओत." रविवारी डिपस्टिक काढून, फडक्याने पुसून, परत बुडवून ऑइल कसं बघायचं ते त्यांनीच मला शिकवलं. आमच्या घरात माया दाखवायची रीत ही अशी. आप्पांनी मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही, पण माझ्या गाडीत कधी हलकं ऑइल जाऊ दिलं नाही. मला तेवढं पुरत होतं.

या वेळी मात्र ते गॅरेजला आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. आणि आता हा फोन.

मी तर्क केला. आदल्या आठवड्यात अभी येऊन गेला होता. बापलेक गच्चीवर बराच वेळ बोलत होते आणि मी चहा घेऊन वर गेले तसे दोघे एकदम नारळाच्या भावावर आले. अभीचं पुण्यात फ्लॅट घ्यायचं चाललं होतं. त्याने आप्पांकडे हात पसरला असणार, आप्पांची ओढाताण होत असणार, आणि म्हणून म्हातारा ऑइलमध्ये काटकसर करतोय, असं मला वाटलं. वाईट वाटलं. मग आपल्याच वाईट वाटण्यावर तोडगाही सुचला.

"मिस्त्री, सिंथेटिकच टाका. पैसे मी देते. आप्पांना काही बोलू नका."

मिस्त्रींनी हात पुसायला फडकं घेतलं आणि पुसतच राहिले. "आप्पा साधं म्हणालेत न्हवं?"

"म्हणालेत."

"मग साधंच घालूया की ताई. चांगलं ऑइल आहे. त्यात काय वाईट नाही."

"वाईट कोण म्हणतंय? तुम्हीच म्हणाला होतात ना, लई वर्षं ठेवायची असेल तर सिंथेटिक?"

"म्हणालो होतो," ते म्हणाले आणि नट आवळायला खड्ड्यात उतरले. खालूनच त्यांचा आवाज आला, "एक वर्ष साधं घातलं म्हणून काय बिघडत नाही. पुढल्या वर्षी बघू."

"तुळशीचं लग्न झालं की माझी लग्नं सुरू. रोज पहाटे निघायचंय. पुढल्या वर्षी कशाला?"

मिस्त्री वर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "तुमच्या पैशानं नका घालू ताई. ऐका माझं."

मला राग आला. बाईमाणूस गॅरेजमध्ये एकटी आली की प्रत्येकाला तिला शहाणपण शिकवावंसं वाटतं, असं मनात आलं आणि मी ते जवळजवळ बोलूनही दाखवलं. "माल विकायचा नाही का तुम्हाला?"

मग त्यांनी इंजिनात नरसाळं लावलं. आप्पा नव्हते म्हणून सील मी फोडलं. मधासारखं ऑइल नरसाळ्यातून खाली गेलं. थोडं उरलं ते डब्यातच ठेवून मी घरी आणलं आणि मोरीच्या मागच्या फळीवर, साबणाच्या खोक्याआड लपवलं.

रात्री जेवताना आप्पांनी विचारलं, "साधंच टाकलंस न्हवं?"

"हो."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून बसले. मला आतून गुदगुल्या होत होत्या. कधीतरी हे कळेल, मग ते चिडतील, आणि मग चारचौघांत माझं कौतुक करतील, असा सगळा देखावा मी मनात रचून ठेवला होता.

खंडेनवमीला मी गाडी शाम्पूने धुतली. झेंडूचा हार घातला, बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं ओढली, चाकांखाली लिंबं ठेवली. आप्पांनी नारळ फोडला. मग बॉनेटवर तळहात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. एवढ्या भक्तिभावाने ते देवघरातसुद्धा उभे राहत नसत. मी म्हटलं, "आप्पा, गाडी निघाली नाही कुठं," आणि त्यांनी हात झटकन काढून घेतला.

दसऱ्याला सकाळीच अभी आला, आणि त्याच्याबरोबर इचलकरंजीचे मुरदंडे म्हणून एक सूतवाले व्यापारी. अभीचे कुणी ओळखीचे असतील, सोनं द्यायला आले असतील, असं समजून मी चहा टाकला. कप घेऊन बाहेर आले तर बॉनेट उघडलेलं. कालचा हार बाजूला सारलेला. मुरदंडे डिपस्टिक उजेडात धरून बघत होते.

"ऑइल नवं दिसतंय की."

"परवाच बदललंय," आप्पा म्हणाले.

"कुठलं घातलंय?"

आप्पा उत्तर देणार तोच मी मध्ये बोलले. रचून ठेवलेल्या देखाव्याची वेळ अशी आयती आली होती. "सिंथेटिक," मी म्हणाले. "आप्पा साधं घाल म्हणाले होते. पण मी माझ्या पैशाने सिंथेटिकच घातलंय."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ते चिडले नाहीत. कौतुकही केलं नाही. त्यांचा चेहरा क्षणभर उघडाच पडल्यासारखा दिसला. मग ते मुरदंड्यांकडे वळले आणि पाहुण्यांना ऐकवायचा तो नेहमीचा आवाज लावला.

"ऐकलंत न्हवं? पूर्ण सिंथेटिक. ह्या गाडीच्या इंजिनात दर वर्षी हेच. लेकीनं जपलीय आमच्या. दर रविवारी ऑइल बघती."

"ते दिसतंयच," मुरदंडे म्हणाले. "मीबी लेकीसाठीच घेतोय. कॉलेजला जाती ना कोल्हापूरला. मग ठरलं आपलं. दसऱ्याचा मुहूर्त आहे, आजच नेतो."

"काय नेताय?" मी विचारलं.

अभी मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधू लागला. मी ट्रे पायरीवर ठेवला.

"आप्पा, गाडी विकली तुम्ही?"

"आत चल, आत बोलू."

"इथंच बोला. माझी म्हणाला होता तुम्ही."

"तुझीच की. घरातलं सगळं सगळ्यांचंच असतंय. तुझं काय नि माझं काय?" त्यांनी आवाज खाली आणला. "पोराचं फ्लॅटचं अडलंय उज्जू. त्याला कोण आहे आपल्याशिवाय?"

"आणि माझ्या लग्नांचं? सुपाऱ्या घेऊन बसलेय मी. पहाटे कशी जाऊ?"

"अक्का," अभी म्हणाला, "नवरीकडचे गाडी पाठवतील की. नाहीतर जवळची जवळची कामं घे. आणि फ्लॅट काय माझ्या एकट्याचा आहे? तुझं माहेरच होणार ते."

माझं माहेर. मी ज्या दारात उभी होते ते मग काय होतं, हे त्याला विचारायला हवं होतं. मला ते सुचलं, पण तो गेल्यावर. अशा गोष्टी मला नेहमी उशिराच सुचतात.

"मला सांगितलं का नाही आप्पा?"

"सांगायचंच होतं." ते चष्मा काढून पुसायला लागले. "म्हणून तर तुला म्हणालो होतो न्हवं, साधं टाक म्हणून? मला वाटलं, कळंल तुला. उगंच तुझं पैसं घातलंस."

तेव्हा मला कळलं. विकायच्या गाडीत कुणी चांगलं ऑइल घालत नाही, आणि जन्मभर स्टोअर सांभाळलेल्या माणसाला वाटत होतं की एवढं सांगितलं म्हणजे लेकीला सगळं सांगून झालं. मिस्त्रींना ते कळलं होतं. मला नाही. मी त्या गाडीत चांगलं ऑइल घालून, धुऊनपुसून, हार घालून ती गिऱ्हाइकासाठी तयार करून दिली होती. इतक्या नवऱ्या सजवल्या, पण त्यांतल्या एकीलाही मी माझ्याच पैशाने सजवलं नव्हतं.

मी डिकी उघडली. माझी मेकअपची पेटी, घडीचा आरसा, मुंडावळ्यांची पिशवी बाहेर काढून पायरीवर ठेवली. मुरदंडे माणूस वाईट नव्हता, तो बिचारा अवघडला होता. त्याने खिशातून आपट्याची पानं काढली, आप्पांना दिली, अभीला दिली, मलाही दिली. "सोनं घ्या ताई. सोन्यासारखं राहा." मी घेतली. दुसरं काय करणार?

तो स्टेअरिंगवर बसला, तेवढ्यात आप्पांना आठवलं.

"उज्जू, ऑइल उरलं असंल की थोडं. ते दे त्यांना. वर घालायला लागंल."

उरलेलं ऑइल मी ठेवलं असणार हे त्यांना ठाऊक होतं, कारण ठेवायला त्यांनीच शिकवलं होतं. मी मोरीच्या मागे गेले. साबणाच्या खोक्याआडून डबा काढला. मोरीत उलटा करावासा वाटला, अगदी झाकण फिरवलंसुद्धा. पण नाही झालं माझ्याच्याने. ऑइल सांडायचं नसतं हेही आप्पांनीच शिकवलेलं. मी डबा आणून मुरदंड्यांच्या शेजारच्या सीटवर ठेवला, आणि गाडी आमच्या गल्लीतून बाहेर पडली. काचेवर हार तसाच होता.

पुढे एकदा दस्तगीर मिस्त्री बाजारात भेटले. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"ते शेठ इंजिन कसं आहे विचारायला आलते," ते खाली बघत म्हणाले. "बापलेकीच्या मधी मी कुठल्या तोंडानं बोलू ताई? माझ्या परीनं सांगत होतो तुम्हाला."

त्यांच्यावर मी राग धरला नाही. सगळा राग घरातच खर्च होत होता. त्या मोसमात लांबची लग्नं मी सोडून दिली. काही घेतलेली, ती दुधाच्या टेम्पोत पेटी मांडीवर घेऊन, अंगाला दुधाचा वास लावून केली. एका नवरीच्या आईने मला मागच्या दाराने आत घेतलं. उन्हाळा संपला तसं मी सांगलीला भाड्याची खोली घेतली आणि घर सोडलं. आप्पा 'जाऊ नको' म्हणाले नाहीत. "खोलीत नळाला पाणी येतंय का बघून घे," एवढंच म्हणाले. पुढे बऱ्याच वर्षांनी मी माझी गाडी घेतली. जुनीच, पण कागदासकट माझी.

आप्पा अभीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. तिथे त्यांचं आणि सुनेचं पटलं नाही. ते परत जयसिंगपूरला आले आणि एकटे राहू लागले. परवा त्यांना डोळे दाखवायला मिरजेला न्यायचं होतं. अभीला ऑफिसमधून निघता येत नव्हतं. त्याला ते कधीच येत नाही. मग मी गेले.

आप्पा शेजारी बसले. पट्टा लावला. गाडी चालू झाली तशी त्यांनी मान तिरकी करून इंजिन ऐकलं. कान अजून शाबूत आहेत.

"आवाज गोड आहे गं. कुठलं ऑइल घालतीस?"

"साधं."

"साधं कशाला? अजून पहाटे निघतीस न्हवं कामाला? सिंथेटिक घालावं. लई वर्षं टिकती गाडी."

"यंदा साधंच टाकलंय," मी म्हणाले.

अंकलीच्या पुलावर गाडी आली. खाली कृष्णेला पाणी बरंच होतं. आप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते समोर बघत होते. पूल संपला तेव्हा त्यांनी विचारलं, "विकतीस काय?"

मी गिअर बदलला.

"मला सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"सांगितलं की आत्ता. साधं टाकलंय म्हणून."

ते माझ्याकडे वळले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. दवाखाना येईपर्यंत पुसतच होते.

गाडी मला विकायची नव्हती. ऑइलही सिंथेटिकच होतं, सील मी स्वतः फोडलं होतं. पण दवाखान्यात जाताना मी त्यांना ते सांगितलं नाही, आणि येतानाही नाही.